मायक्रोवेव्ह चालतो, पण तापत नाही : पर्सी स्पेन्सर यांची गोष्ट



तुमच्याही घरी असं कधी झालंय का, आठवून बघा. मायक्रोवेव्हमध्ये दुधाचा कप ठेवला, बटण दाबलं. आतला दिवा लागला, काचेची ताटली फिरू लागली, पंख्याचा आवाज आला, वेळ संपल्यावर टिंग टिंगसुद्धा झालं. दार उघडून कपाला हात लावला, तर दूध जसंच्या तसं गार! मशीन साफ बंद पडलं असतं तर निदान समजण्यासारखं होतं. इथे सगळं चालू आणि काम मात्र शून्य.

मुलं अशा वेळी नेमका प्रश्न विचारतात. सगळं चालतंय, मग बिघडलंय काय? याचं उत्तर असं आहे की दिवा, पंखा आणि ताटली फिरवणारी छोटी मोटर यांचा अन्न तापवण्याशी थेट संबंधच नाही. ते काम एकटी एक नळी करते. तिचं नाव मॅग्नेट्रॉन. तिच्यासाठी पेटीच्या आत उच्च दाबाची वीज वेगळ्या वाटेने तयार होते. ती वाट कुठेही तुटली किंवा नळीच गेली, की दिवा लागतो, ताटली फिरते आणि दूध गारच राहतं.

ही नळी मुळात स्वयंपाकघरासाठी बनलेलीच नव्हती. तिला तिथे आणणाऱ्या पर्सी स्पेन्सर यांच्याविषयी आज आपण माहिती घेणार आहोत. गोष्ट वर्गात सांगण्यासारखी आहे, पण जरा जपून सांगावी लागते. का, ते पुढे येईलच.

पर्सी लेबॅरन स्पेन्सर यांचा जन्म जुलै १८९४ मध्ये अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यातल्या हाऊलँड या छोट्या गावी झाला. सगळा जंगलाचा मुलूख. लाकूड आणि कागद यांच्या गिरण्यांवर लोकांची पोटं चालायची. (त्याच सुमारास, १८९५ मध्ये, आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये अशाच अतिशय आखूड लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवली होती आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली होती. सूक्ष्मलहरींचा धडा शिकवताना मुलांना हे जरूर सांगा, त्यांचे डोळे मोठे होतात.)

पर्सी दीड वर्षाचा असताना वडील वारले. आईने त्याला आत्या-काकांसारख्या नात्यातल्या एका जोडप्याकडे सोपवलं आणि ती निघून गेली. सात वर्षांचा झाला तेव्हा हे पालकत्व घेतलेले गृहस्थही गेले. घरात कमावतं माणूस उरलं नाही. मग व्हायचं तेच झालं. प्राथमिक शिक्षणही पुरं न होता शाळा सुटली आणि बाराव्या वर्षी पोरगा दोऱ्याच्या रिळांच्या कारखान्यात कामाला लागला. पहाटे जायचं, अंधार पडल्यावर परत यायचं. अशी चार वर्षं गेली.

सोळाव्या वर्षाच्या आसपास त्याच्या कानावर आलं की जवळच्या कागद गिरणीत वीज घ्यायची आहे आणि त्यासाठी माणसं हवी आहेत. त्या काळी तिकडच्या खेड्यात वीज म्हणजे नवलाईच. तारा कशा जोडायच्या हे सांगणारं कोणी आसपास नव्हतं. पर्सीने मिळेल ते वाचलं, हाताने करून पाहिलं आणि अर्ज केला. तिघांना घेतलं, त्यात तो एक होता. तिघांपैकी कुणाचंच रीतसर शिक्षण झालेलं नव्हतं. काम करता करता तो वीजतंत्री झाला.

एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडालं. बोट खाली जात असताना तिच्यावरचे बिनतारी संदेश पाठवणारे दोघे तरुण शेवटपर्यंत मदतीची हाक देत राहिले. त्यातला जॅक फिलिप्स वाचला नाही. पण त्या संदेशांमुळेच दुसरी बोट धावून आली आणि सातशेहून अधिक माणसं वाचली. ही बातमी वाचून पर्सीच्या मनाने बिनतारी यंत्रणेचा ध्यास घेतला. ती शिकायची तर एकच जागा त्याच्या आवाक्यातली होती, ती म्हणजे नौदल. अठराव्या वर्षी तो भरती झाला.

आता इथे थोडं थांबू या. मोबाइलवर फिरणाऱ्या प्रेरणादायी मजकुरांमध्ये स्पेन्सर यांची गोष्ट शाळा सोडली आणि शोध लावला एवढ्या दोन वाक्यांत संपते. मुलांनी त्यातून काय घ्यायचं? शाळेची गरज नाही, एवढंच ना! मला ही मांडणी अजिबात पटत नाही. नौदलात हा मुलगा रात्रीच्या पहाऱ्यावर उभा असायचा तेव्हा त्याच्या हातात पाठ्यपुस्तक असायचं. त्रिकोणमिती, कलनशास्त्र, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, धातुशास्त्र असे विषय त्याने एकेक करून स्वतः वाचून काढले. म्हणजे शाळा त्याच्या हातून सुटली होती, अभ्यास सुटला नव्हता. शिकवायला कोणी नसताना हे विषय शिकायला किती कष्ट पडत असतील, ते गणिताच्या शिक्षकांना मी वेगळं सांगायला नको.

नौदलानंतर १९२० च्या दशकात स्पेन्सर मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या रेथिऑन या कंपनीत आले. कंपनी तेव्हा अगदी नवी होती, १९२२ ची. तिचं नाव झालं ते एका नळीमुळे. पूर्वीचे रेडिओ महागड्या बॅटऱ्यांवर चालत. रेथिऑनची नळी घरातल्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेला एकाच दिशेने वाहायला लावायची, त्यामुळे रेडिओ सरळ घरच्या विजेवर चालू लागला. हे वाक्य लक्षात ठेवा. विजेला एका दिशेने जाऊ देणारा असाच एक भाग आज तुमच्या मायक्रोवेव्हमध्येही बसलेला आहे. त्याला डायोड म्हणतात, दिसायला अगदी किरकोळ. पण तो गेला की पेटी चालते आणि अन्न तापत नाही.

नळ्या बनवण्यात स्पेन्सर यांचा हात पुढे इतका बसला की दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला रडारच्या नळ्यांच्या रचनेत त्यांची गणना जगातल्या मोजक्या जाणकारांत होत होती. आणि नेमकी त्याच वेळी मॅग्नेट्रॉन त्यांच्या दारात आली.

१९४० मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी पोकळ्या असलेली मॅग्नेट्रॉन बनवली. मुलांना ती समजावायची तर रिकामी बाटली घ्या आणि तोंडावर आडवी फुंकर मारा. शीळ घुमते. बाटली मोठी असेल तर आवाज जाडा, छोटी असेल तर बारीक. मॅग्नेट्रॉनमध्ये फुंकरीच्या जागी इलेक्ट्रॉन असतात. मधोमध एक तार तापते, तिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. बाहेर बसवलेलं चुंबक त्यांना सरळ जाऊ देत नाही, गोल वळवतं. भोवतीच्या तांब्याच्या ठोकळ्यात कोरलेल्या छोट्या पोकळ्यांच्या तोंडावरून ते झपाट्याने जातात आणि पोकळ्या घुमू लागतात. फक्त त्यातून आवाजाऐवजी सूक्ष्मलहरी निघतात. या लहरी रडारला मिळाल्या की काळोखात किंवा धुक्यातसुद्धा विमान आणि पाण्यावर आलेली पाणबुडी हुडकता येई.

इंग्लंडवर तेव्हा बाँब पडत होते. कारखाने अपुरे होते. म्हणून सप्टेंबर १९४० मध्ये एक ब्रिटिश शिष्टमंडळ ही नळी गुपचूप अमेरिकेला घेऊन गेलं. पण अडचण अशी की ती बनवणं फार किचकट होतं. तांब्याचा भरीव ठोकळा घ्यायचा आणि त्यात अत्यंत मोजूनमापून पोकळ्या कोरायच्या. केसभर चूक झाली तरी लहरींचं गणित बिघडणार. निष्णात कारागीर लागायचा, वेळ लागायचा आणि दिवसाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या नळ्या व्हायच्या. युद्धाला त्या हजारोंनी हव्या होत्या.

स्पेन्सर यांनी ठोकळा कोरण्याचा नाद सोडून दिला. आपण मोठी पोळी लाटून वाटीने पुऱ्या पाडतो ना, तसं त्यांनी धातूच्या पातळ पत्र्यातून पोकळ्यांच्या आकाराच्या चकत्या ठशाने पाडायला लावल्या. त्या एकावर एक रचायच्या आणि भट्टीत सांधून एकजीव करायच्या. प्रत्येक चकती हुबेहूब दुसरीसारखी, त्यामुळे माप चुकायचा प्रश्नच कमी. हे काम थोडं शिकवलेला साधा कामगारही करू शकत होता. अशा सुधारणा होत होत रेथिऑनचं उत्पादन दिवसाला २,६०० मॅग्नेट्रॉनपर्यंत गेलं. या कामाबद्दल अमेरिकेच्या नौदलाने त्यांना आपला मोठा नागरी सन्मान दिला. चॉकलेटची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण माझ्या मते स्पेन्सर यांची खरी करामत ही चकत्यांची आहे. गिरणीत लहानपण घालवलेल्या माणसालाच ती सुचावी, असं मला वाटतं. तुमचं मत वेगळं असू शकेल.

आता चॉकलेटकडे येऊ. १९४५ साल. स्पेन्सर चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभे होते. खिशात शेंगदाण्याच्या चॉकलेटची वडी होती. ती वितळून खिशाला चिकटली. असं काही होतं हे त्यांच्या आधीही काहींच्या लक्षात आलं होतं, पण त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. स्पेन्सर यांनी मक्याचे दाणे मागवले आणि नळीसमोर धरले. दाणे फटाफट फुटून लाह्या झाल्या. मग अंड्याची पाळी आली. किटलीला भोक पाडून त्यात अंडं ठेवलं आणि लहरी सोडल्या, असं सांगतात. काय होतंय ते पाहायला एक सहकारी वाकला आणि अंडं फुटून त्याच्या तोंडावर उडालं. म्हणजे अंड्याच्या आतलं पाणी टरफलाच्या आधी तापलं होतं.

यातून बाकीचं जुळत गेलं. या लहरी अन्नातल्या पाण्याच्या रेणूंना सेकंदाला अब्जावधी वेळा इकडून तिकडे वळायला लावतात आणि त्या झटापटीतून उष्णता निर्माण होते. लहरी मोकळ्या सोडल्या तर वाया जातात आणि माणसाला भाजतातही. धातूच्या पेटीत कोंडल्या तर भिंतींवर आपटून पुन्हा पुन्हा अन्नातूनच जातात. ८ ऑक्टोबर १९४५ रोजी अन्नावर या लहरींनी प्रक्रिया करण्याच्या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज दाखल झाला आणि २४ जानेवारी १९५० रोजी पेटंट मिळालं. कंपनीच्या रिवाजाप्रमाणे याबद्दल स्पेन्सर यांना मिळाले २ डॉलर! मुलं इथे हमखास हसतात.

१९४७ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या यंत्राचं नाव होतं रडाररेंज, म्हणजे रडारची शेगडी. उंची सुमारे ६ फूट, वजन सुमारे ३४० किलो. नळी थंड ठेवायला पाण्याचा नळ जोडावा लागायचा. किंमत काही हजार डॉलर. अर्थातच ते घरात येणं शक्य नव्हतं, मोठी उपाहारगृहं आणि जहाजं यांच्यापुरतंच राहिलं. १९५५ मध्ये टॅपन कंपनीने घरगुती मॉडेल आणलं, तेही १,२९५ डॉलरचं. ओट्यावर मावणारा आणि ४९५ डॉलरला मिळणारा मायक्रोवेव्ह आला १९६७ मध्ये, रेथिऑनने विकत घेतलेल्या अमाना कंपनीकडून. खिशातल्या चॉकलेटपासून ओट्यापर्यंत यायला बावीस वर्षं लागली.

आणि आता तो जपून सांगण्याचा मुद्दा. ही गोष्ट ऐकून मुलांच्या हाताला खाज सुटते. घरात न तापणारा मायक्रोवेव्ह पडलेला असेल आणि मुलगा किंवा मुलगी आठवी-नववीत असेल, तर स्क्रू ड्रायव्हर निघायला वेळ लागत नाही. रेडिओ, घड्याळ, जुना पंखा खोलू द्या, खुशाल खोलू द्या. बॅटरीवर चालणारी खेळणी तर खोलण्यासाठीच असतात. मायक्रोवेव्ह मात्र नाही. त्यातला ट्रान्सफॉर्मर घरची वीज सुमारे २,००० व्होल्टपर्यंत चढवतो, पुढे कपॅसिटर आणि डायोड मिळून ती जवळपास दुप्पट करतात. प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये काही काळ भार साठून राहू शकतो. काही मॅग्नेट्रॉनमधल्या सिरॅमिकमध्ये बेरिलियम ऑक्साइड असतं, ते फुटून त्याची पूड श्वासात गेली तर फुप्फुसांना घातक. जुन्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेची नक्षी काढण्याचे व्हिडिओ मुलं बघतात, त्या नादात परदेशात माणसांचे जीव गेले आहेत. स्पेन्सर आयुष्यभर या दाबाच्या विजेजवळ वावरले, ते तिचा अभ्यास करून. दीड वर्षाच्या वयापासून ज्याला विचारायला घरात वडील नव्हते, त्याला सगळं स्वतः शोधावं लागलं. आपल्या मुलांना विचारायला आपण आहोत.

मग मुलांनी काय करायचं? पेटी न उघडता बरंच करता येतं. आधी पॉवर किती ठेवली आहे ते बघा. डीफ्रॉस्ट किंवा अगदी कमी पॉवर लागली असेल तर नळी मधूनमधूनच चालते. काही मॉडेलमध्ये दुकानात दाखवण्यासाठीचा डेमो मोड असतो, त्यात सगळं चालतं पण तापत नाही. तो कसा काढायचा ते सोबतच्या पुस्तिकेत सापडतं. उन्हाळ्यात संध्याकाळी विजेचा दाब फार उतरत असेल तर तापणंही उतरतं, तेव्हा सकाळी एकदा करून पाहा. दार नीट बसतंय का, आकड्यांमध्ये खरकटं अडकलंय का, तेही बघा. दाराजवळ आत छोटे स्विच असतात. दार धाडकन आपटण्याच्या सवयीने त्यातला एखादा ढिला झाला, तर दिवा-पंखा चालूनही नळीला वीज मिळत नाही.

मग कान द्या. नीट चालणाऱ्या मायक्रोवेव्हमध्ये पंख्याच्या आवाजाच्या जोडीला थोड्या वेळाने एक जाड गुंजन सुरू होतं. (इन्व्हर्टरवाल्या मॉडेलमध्ये ते हलकं असतं.) ते गुंजन येतच नसेल, तर नळीपर्यंत वीज पोचत नसण्याचा संभव जास्त, म्हणजे स्विच, फ्यूज किंवा ट्रान्सफॉर्मर. नेहमीपेक्षा फार मोठं गुरगुरणं येत असेल आणि तरीही पाणी गार असेल, तर डायोड किंवा कपॅसिटरवर संशय घ्यायचा, प्लग काढायचा आणि पुन्हा लावून बघायचा नाही. तंत्रज्ञाला एवढं सांगितलंत तरी त्याचा वेळ वाचतो आणि सरसकट मॅग्नेट्रॉन बदलायला लागेल असं म्हणणाऱ्याला तुम्ही दोन प्रश्न तरी विचारू शकता.

स्पेन्सर पुढे रेथिऑनचे वरिष्ठ उपाध्यक्ष झाले आणि संचालक मंडळावरही गेले. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. त्यांच्या नावावर अनेक पेटंटं आहेत, त्यातलं एक पिशवीत ठेवून मका फुलवण्याबद्दलचं. सप्टेंबर १९७० मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी ते वारले. ओट्यावरचा मायक्रोवेव्ह येऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. घराघरांत तो पोचलेला त्यांना पाहायला मिळाला नाही. १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक दालनात त्यांचं नाव घेतलं गेलं.

आठवी ते दहावीच्या मुलांसाठी एक छोटा प्रयोग देते. घरात मोठं माणूस सोबत असू द्या. मायक्रोवेव्हला चालणाऱ्या काचेच्या भांड्यात १ लिटर साधं पाणी घ्या. प्रयोगशाळेतल्या थर्मामीटरने तापमान लिहून ठेवा आणि थर्मामीटर बाहेर काढा, तो आत कधीच ठेवायचा नाही. पूर्ण पॉवरवर बरोबर १ मिनिट चालवा. पाणी बाहेर काढून लाकडी चमच्याने ढवळा, लगेच पुन्हा तापमान बघा. किती अंश सेल्सिअस वाढलं? त्या आकड्याला ७० ने गुणा. पाण्याची विशिष्ट उष्णता आणि ६० सेकंद यांचा हिशोब मांडला की हा ७० कुठून आला ते मुलांना स्वतःच काढता येईल, आधी सांगू नका. तापमान १० अंशांनी वाढलं तर उत्तर ७०० वॅट. पेटीच्या मागच्या पट्टीवर छापलेल्या आउटपुटशी ते ताडून पाहा. थोडं कमी आलं तर चालेल, भांडंही तापतं आणि थोडी उष्णता हवेत जाते. पण ८०० वॅटच्या यंत्रातून २०० च निघत असतील, तर तो आकडा वहीत तारखेनिशी लिहून ठेवा आणि तंत्रज्ञ आल्यावर वही मुलाच्याच हातात देऊन त्याला बोलू द्या.